‘मी नाही जाणार शाळेत’: रोजची सकाळ, गेटवरची रडारड आणि नेमके उपाय

पाटीपेन्सिल

शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले की दरवर्षी हाच प्रश्न चार ठिकाणी विखुरलेला दिसतो, म्हणून एकत्र धागा काढते आहे. वय साधारण ३ ते ७, म्हणजे नर्सरीपासून दुसरीपर्यंत. आपापल्या पिल्लांच्या गोष्टींचे धागे आधीच आहेत, त्या गोष्टी तिकडेच राहू देत. इथे काय करायचं, किती दिवस करायचं, कुठे फसतं आणि का, एवढंच लिहूया.

पहिलं काम म्हणजे वही. चार वर्षांच्या मुलाला ‘का नाही जायचं?’ असं विचारून फारसं काही हाती लागत नाही. कारण माहीत असलं तरी ते त्याला शब्दांत मांडता येत नाही. चौथ्यांदा विचारलं की काहीतरी उत्तर देऊन ते मोकळं होतं. ‘बाई मारतात’ हे उत्तर खरंही असू शकतं आणि सुटका करून घ्यायला दिलेलंही असू शकतं. म्हणून ते हसण्यावारी न्यायचं नाही आणि त्याच दुपारी भांडायलाही जायचं नाही, पडताळायचं.

तर शाळेचे १० दिवस रोज चार-पाच ओळी लिहा. वार, रात्री डोळा कधी लागला, कुरकुर कुठल्या क्षणी सुरू झाली (उठताना, गणवेश घालताना, रिक्षा दिसल्यावर की गेटवर), काही दुखलं का आणि किती वाजता थांबलं, सोडल्यावर किती मिनिटं रडणं चाललं. शेवटची गोष्ट बाईंकडूनच कळेल. त्यांना ‘रडला का?’ विचारलं तर ‘थोडासा’ असं उत्तर मिळतं. ‘किती वेळाने खेळायला लागला?’ विचारलं की आकडा मिळतो.

दहा दिवसांत काहीतरी दिसायला लागतं. त्रास फक्त मंगळवार-शुक्रवारी असेल तर वेळापत्रकात त्या दिवशी काय आहे ते बघा: पीटी, नाच, वेगळ्या बाई, मोठ्या मुलांबरोबर एकत्र प्रार्थना. रिक्षा दिसताच भोकाड पसरत असेल तर शाळेआधी रिक्षा तपासा. सगळ्यात आधी उचललेलं मूल कोंबलेल्या रिक्षात ४०-४५ मिनिटं गावभर फिरतं, हे पालकांच्या लक्षातच येत नाही.

आणखी एक, पाण्याची बाटली. सकाळी भरून दिलेली बाटली रोज जवळपास तशीच परत येत असेल आणि मूल चपलांसकट बाथरूमकडे पळत असेल, तर ते शाळेत शू दाबून बसतंय. यावर कुणीतरी सविस्तर लिहा.

सोनटक्का

लिहिते. हे कारण जितकं आढळतं त्याच्या निम्म्यानेही विचारलं जात नाही.

मूल शाळेत शू-शी का टाळतं? घरी कमोड आणि शाळेत भारतीय पद्धतीचा संडास (किंवा उलट), आतून कडी लावायची भीती, अंधार, वास, चड्डीचं बटण स्वतःला न निघणं, आणि इंग्रजी माध्यमात असेल तर बाईंना काय म्हणायचं हेच माहीत नसणं. मग ते पाणी पीत नाही. पाणी कमी आणि शी दाबलेली, त्यामुळे खडा होतो, शी करताना दुखतं, दुखतं म्हणून आणखी दाबतं. तीन-चार आठवड्यांत हे चक्र पक्कं होतं आणि सकाळी ‘पोटात दुखतंय’ सुरू होतं. ते दुखणं खरं असतं. मुलींमध्ये लघवीचा संसर्गही यातून होतो. जळजळ, वारंवार थेंब थेंब शू किंवा ताप असेल तर लघवीची तपासणी करून घ्या.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण लागू पडतात. उठवण्याची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणा. खाल्ल्यावर आतड्याला आपोआप चालना मिळते, म्हणून नाश्त्यानंतर २०-३० मिनिटांनी, कळ असो वा नसो, ५ ते १० मिनिटं बसवा. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल हवंच; पाय लोंबकळत असतील तर जोर लावता येत नाही. इलॅस्टिकची चड्डी द्या, बटण-हूकचा गणवेश असेल तर शिंप्याकडून आतून इलॅस्टिक घालून घ्या. शाळा सुटल्यावर एकदा मुलाला घेऊन तिथल्या संडासात जा, नळ कुठे, पाण्याचा मग कुठे, कडी न लावता दार कसं लोटून घ्यायचं ते दाखवा. आणि बाईंना सांगा की याला मधल्या सुट्टीआधी एकदा आपणहून पाठवा. ‘लागली की सांग’ म्हटलं तर लाजरं मूल सांगत नाही.

खडा आधीच होत असेल तर नुसत्या केळ्या-पपईवर भिस्त ठेवू नका. बालरोगतज्ज्ञ काही आठवड्यांसाठी मऊ करणारं औषध देतात. ते दोन दिवसांत ‘बरं वाटलं’ म्हणून बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून.

उंबरठा

गेटवरच्या निरोपाबद्दल. इथे तीन चुका रोज होतात.

एक, गुपचूप सटकणं. ‘खेळात रमला की मी निघते.’ त्या दिवशी सोपं जातं आणि पुढचे पंधरा दिवस नासतात. आई कधीही नाहीशी होऊ शकते हे कळल्यावर मूल रमायचं सोडून दारावर पहारा देतं. घरीसुद्धा आई संडासात गेली तरी दार वाजवत बसतं. सांगूनच निघायचं, रडलं तरी.

दोन, लांबलेला निरोप. एक पापी, अजून एक, वळून परत येणं, खिडकीतून डोकावणं. प्रत्येक वेळी मुलाला कळतं की अजून थोडं रडलं तर गाडी वळते. अर्ध्या ते एक मिनिटात उरका, रोज तेच शब्द, तीच कृती. उदाहरणार्थ, तळहातावर पापी ठेवून मूठ मिटायची आणि म्हणायचं, ‘डबा, मग गोष्ट, मग मी.’ मुलाला ‘साडेबाराला येते’ कळत नाही, पण डब्यानंतर गोष्ट आणि गोष्टीनंतर आई हा क्रम कळतो. त्यासाठी बाईंकडून रोजचा क्रम विचारून घ्या, कारण गोष्टीनंतर गाणी निघाली तर तुम्ही खोट्या पडता.

तीन, मूल ‘हवेत’ सोडणं. गेटच्या आत ढकललं, मावशींनी दंड धरून ओढलं, हे दृश्य सगळ्यांनी बघितलं आहे. सोपवायचं ते एका ठरलेल्या माणसाकडे, हातातून हातात. बाईंना विनंती करा की पहिले दोन आठवडे त्यांनी किंवा एकाच मावशींनी घ्यावं आणि आल्या आल्या हातात काम द्यावं: खडूचा डबा नेणं, कुंडीला पाणी घालणं. आणि ५-७ मिनिटं लवकर पोचा. गर्दीत एकाने सूर लावला की अख्खी रांग लावते.

न्यायला मात्र पाच मिनिटं आधी हजर. ‘मग मी’ म्हटलंय ना. पहिल्या महिन्यात दहा मिनिटांचा उशीरसुद्धा महाग पडतो.

चिंचगोळी

एवढा विचार आपल्या आई-वडिलांनी कधी केला होता? रडू द्यायचं आठ दिवस, नवव्या दिवशी आपोआप जातात. ९० टक्के मुलांचं असंच होतं.

उंबरठा

टक्केवारी सोडा, पण बऱ्याच मुलांचं तसं होतं हे खरं आहे. सोडल्यावर ५-१५ मिनिटं रडून खेळायला लागणारं मूल ठीक आहे, त्याच्यासाठी गेटवरचा शिरस्ता आणि वेळ पुरे. फरक आकड्यात असतो. ४० मिनिटांचं रडणं दुसऱ्या आठवड्यात २५ आणि तिसऱ्यात १० वर येत असेल तर चालू ठेवा. तीन आठवड्यांनंतरही ४० च असेल तर ‘आठ दिवस’ कधीच संपले आहेत.

आणि रडणं थांबलं म्हणजे रुळलं असंही समजू नका. दप्तर खांद्यावरून न उतरवता कोपऱ्यात बसून राहणारं, डबा न उघडणारं, तीन तास एक शब्द न बोलणारं मूल बाईंना ‘शहाणं’ वाटतं. त्याच्याबद्दल मला रडणाऱ्यापेक्षा जास्त काळजी वाटेल.

मधली_सुट्टी

उंबरठा +१. झोपेचा हिशोब कुणीच लिहिला नाही, म्हणून मी लिहितो.

३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते, ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास. आता व्हॅन ७ ला असेल तर ६ ला उठणं आलं. दुपारी तासभर झोपत असेल तरी किमान दहा तास भरायला रात्री ९ ला डोळा लागायला हवा, म्हणजे साडेआठला दिवा बंद. आपल्याकडे साडेआठला कुकर लागतो. मग सकाळी सहाला उठवलेलं मूल शाळेला नाही म्हणत नसतं, ते उठायलाच नाही म्हणत असतं. ही दोन दुखणी वेगळी आहेत.

झोप एका रात्रीत अलीकडे येत नाही. दर २-३ दिवसांनी १५ मिनिटं सरकवा. तास-सव्वा तास मागे आणायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून ही तयारी मेअखेरीस सुरू करायची. दुपारची झोप ३ च्या आत संपवा. ४ ते ६ झोपलेलं मूल रात्री ११ पर्यंत ताजंतवानं असतं. रविवारी उठायची वेळ तासाभराहून जास्त ढळू देऊ नका, नाहीतर सोमवार हमखास बिघडतो.

याच कारणासाठी २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. तुमच्या शाळेत तो का लागू नाही, हे पालक सभेत विचारायला हरकत नाही.

कैरी_कांदा

नर्सरीसाठी ३१ डिसेंबरला ३ वर्षं पूर्ण हवीत, पहिलीसाठी त्याच तारखेला ६. याचा अर्थ डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये अडीच वर्षांचंच असतं आणि त्याच वर्गातलं जानेवारीत जन्मलेलं जवळपास साडेतीनचं. या वयात अकरा महिने म्हणजे भाषा, शू, जेवण, सगळ्यातच फरक. अडीच वर्षांचं मूल महिनाभर प्रयत्न करूनही रुळत नसेल तर काढून पुढच्या जूनला घाला. पहिलीत ते साडेपाचऐवजी साडेसहाला जाईल, त्यात काही बिघडत नाही. शिक्षणहक्क कायदाही ६ ते १४ वयासाठी आहे. त्याआधी शाळेत घालायची सक्ती कुठेच नाही. भरलेली फी बुडते, हे खरं दुखणं.

दूरदेशी

जर्मनीत ‘किटा’मध्ये, म्हणजे पाळणाघर-बालवाडीत, रुळवण्याची ठरलेली पद्धत आहे. तिला ‘आइनगेवोनुंग’ म्हणतात आणि ‘बर्लिन मॉडेल’ त्यातलं सर्वांत माहितीतलं. पहिले ३ दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर गटात तासभर बसतात आणि दोघं एकत्रच घरी जातात, सोडायचा प्रयत्नच नाही. पालकाने कोपऱ्यात बसायचं, स्वतः खेळवायचं नाही, पण मूल आलं तर जवळ घ्यायचं. चौथ्या दिवशी पहिला निरोप, जास्तीत जास्त ३० मिनिटांचा, पालक इमारतीतच. हा दिवस सोमवार येत असेल तर मंगळवारी, कारण दोन सुट्ट्यांनंतर मूल पुन्हा नवखं झालेलं असतं. ताईंनी समजावल्यावर मूल काही मिनिटांत शांत झालं तर पुढे वेळ वाढवायची. नाही झालं तर पालक पुन्हा काही दिवस आत. रुळलं कधी म्हणायचं? रडलं तरी ताईंच्या कुशीत शांत होतं तेव्हा.

भारतात शाळा एवढं करू देणार नाहीत हे माहीत आहे. पण चौथ्या दिवसाचा आणि सोमवारचा नियम कुठेही वापरता येतो: नवीन शाळा मंगळवारी सुरू करा.

पाटीपेन्सिल

इथे एक भर. बऱ्याच शाळा आईला ‘बाहेर बाकावर बसा’ म्हणतात आणि ते महिनाभर चालतं. आई दाराबाहेर दिसते पण मिळत नाही, हा सगळ्यात वाईट प्रकार. एकतर आत बसा, नाहीतर निघा. सीसीटीव्हीवर बघत राहण्यानेही तुमचाच जीव टांगणीला लागतो. त्यापेक्षा बाईंना पंधराव्या मिनिटाला एक फोटो पाठवायची विनंती करा, तोही पहिला आठवडाच. त्यांच्यापुढे पंचवीस मुलं आहेत.

जास्वंद७

दोन-तीन आठवडे गेलंच नाही अशा मुलाला परत कसं पाठवायचं? आजारपण झालं आणि मग अडलंच, असं होतं ना.

सोनटक्का

पायऱ्या पाडा. बाईंशी आणि मुख्याध्यापकांशी आधी बोलून घ्या, नाहीतर ‘अर्धवट वेळ चालणार नाही’ असं गेटवर ऐकावं लागतं. नमुना असा:

पहिले २ दिवस शाळा सुटल्यावर गणवेशात जायचं, रिकाम्या वर्गात बाईंबरोबर १५ मिनिटं, आपली जागा बघून परत. पुढचे २-३ दिवस शाळेची शेवटची ४५ मिनिटं. मग मधल्या सुट्टीपासून शेवटपर्यंत. मग पूर्ण दिवस. दोन दिवस सलग दहा मिनिटांत शांत झालं की पुढची पायरी. एकूण दोन ते तीन आठवडे धरा.

शेवटाकडून सुरुवात का? कारण मग घरी जाणं सगळ्यांबरोबर होतं. पहिल्या तासाला पाठवून रडलं म्हणून मध्येच आणलं तर ‘रडलं की घरी’ हा धडा एका दिवसात पाठ होतो. म्हणून नियम एकच: एका पायरीवर जास्त दिवस थांबा, पण रडण्यामुळे खालच्या पायरीवर येऊ नका. पायरी फार उंच ठरली असं वाटलं तर ती पुढच्या दिवसासाठी बदला, त्याच दिवशी गेटवर नाही.

उंबरठा

एक सुधारणा. भिडस्त मूल भरल्या वर्गात मध्येच शिरलं की चाळीस डोळे वळतात, त्यालाच ते घाबरतं. अशांसाठी उलट करा: शाळा भरण्याच्या दहा मिनिटं आधी वर्गात नेऊन बसवा, मुलं त्याच्याभोवती जमू देत, आणि वेळ मागून वाढवा. फक्त न्यायची वेळ आधी ठरलेली हवी. रडो वा हसो, दहाला म्हणजे दहाला.

आणि व्हॅनचा ताण असेल तर आठवडाभर तुम्ही सोडा-आणा, मग येताना व्हॅन, आणि शेवटी जाताना. परतीच्या व्हॅनच्या टोकाला घर असतं, म्हणून ती आधी जमते.

ताकभात

न गेलेल्या दिवशी घरी काय होतं, यावर निम्मा खेळ अवलंबून आहे. ‘बरं, आजच्या दिवस राहू दे’ म्हटल्यावर कार्टून, आजीचा गरम शिरा, आजोबांबरोबर बागेत फेरी असा दिवस गेला तर कुणीही दुसऱ्या दिवशी तेच मागेल. घरी राहिलं तर शाळेच्या वेळेत टीव्ही-मोबाइल बंद, बाहेर फिरणं नाही, डबा डब्यातच आणि डब्याच्याच वेळेला. शिक्षा म्हणून नाही. सुरात राग नको. दिवस नुसता बेचव असू द्या. साडेबारानंतर नेहमीसारखं सगळं.

हे आजी-आजोबांशी आदल्या रात्री बोलून ठेवा. सकाळी गेटकडे निघताना ‘एवढं रडतंय लेकरू, राहू दे की गं आज’ असं एकाने म्हटलं की संपलं. त्यांनाच एक काम द्या: दुपारी आणायला आजोबा. मग तेच शाळेच्या बाजूने होतात.

धमक्यांबद्दल: ‘पोलीस नेतील’, ‘तिथेच ठेवून येईन’, ‘थांब, बाईंना सांगते’. शेवटचं सगळ्यात घातक, कारण ज्यांच्या कुशीत मुलाने शांत व्हायचं त्यांनाच बागुलबुवा केलं.

मधली_सुट्टी

आणि चॉकलेट? रोज एक कबूल केलं की आठवड्यात दोनवर जातं.

ताकभात

ठरवून दिलं तर बक्षीस चालतं, घासाघीस करून दिलं तर नाही. गेटवर ‘गेलास तर देईन’ म्हणणं म्हणजे घासाघीस. त्याऐवजी कॅलेंडरवर टिकली लावा, संध्याकाळी, आणि न रडल्याबद्दल नको. रडणं मुलाच्या हातात नसतं, चपला घालून पायऱ्या उतरणं असतं. त्याबद्दल लावा. पाच टिकल्या झाल्या की रविवारी त्याने निवडलेला खेळ. चुकलेल्या दिवशी आधीची टिकली काढायची नाही.

जास्वंद७

पोटदुखी खरी की नाटक, कसं ओळखायचं?

सोनटक्का

‘नाटक’ हा शब्दच काढून टाका. भीतीने पोटात खरंच मुरडा येतो. आपल्यालाही परीक्षेच्या सकाळी येतो. शाळेच्या दिवशी सकाळी दुखतं, दहा-अकरापर्यंत थांबतं, रविवारी आणि सुट्टीत नसतं, मूल खातं-खेळतं: हे बहुतेक ताणाचं. अशा वेळी ‘दुखतंय हे कळलं, आपण शेक देऊ आणि निघू’ एवढंच. शंभर प्रश्न नकोत.

पण रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, वजन घटणं, ताप, वारंवार उलटी, शौचात रक्त, बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणं, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर. नुसती सकाळची पोटदुखी असली तरी एकदा तपासून घ्याच, म्हणजे नंतर तुम्हाला ठामपणे ‘निघू’ म्हणता येतं. त्याच खेपेत कान आणि डोळेही तपासा. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येणारं मूल वर्गात भांबावतं आणि ‘लक्ष देत नाही’ म्हणून ओरडा खातं.

कैरी_कांदा

भाषेवरही दोन ओळी. घरी मराठी आणि शाळा इंग्रजी असेल तर काही महिने मूल गप्प राहून नुसतं ऐकतं, हे नेहमीचं आहे. खुणा करतं, खेळतं, कुणी मराठी बोलणारं भेटलं की त्याच्याशी बोलतं. त्याला शाळेआधीच ८-१० वाक्यं तोंडपाठ करून द्या: शू लागली, पाणी हवं, डबा उघडून द्या, तो मला मारतो, मला कळलं नाही. आणि बाईंना विचारा की अडीअडचणीला मराठीत सांगितलं तर चालेल ना. चालायलाच हवं.

घरी पोपटासारखं बोलणारं मूल शाळेत, तेही मराठी मुलांशीसुद्धा, पहिला महिना सोडून पुढे महिनाभराहून जास्त काळ अजिबात बोलत नसेल तर तो लाजरेपणा समजून सोडू नका. बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञांना दाखवा. ‘बोल ना, बोल ना’ केल्याने ते आणखी मिटतं.

उंबरठा

तज्ज्ञांकडे केव्हा, हे एकदा स्पष्ट लिहूया. आईपासून दूर जायची भीती चार आठवड्यांहून जास्त टिकली आणि ती शाळेपुरती न राहता झोप, खेळ, दुसऱ्या खोलीत जाणं यातही आली तर. पहिली-दुसरीत अक्षरं-आकडे यांच्या तासालाच आजारपण येत असेल तर. सरकारी शाळा आणि अंगणवाडीतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी होते आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, तिथे पैसे पडत नाहीत. फोनवर बोलायचं तर टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

आणि एक गंभीर गोष्ट. हसत जाणारं मूल अचानक एका माणसाला, एका खोलीला किंवा व्हॅनला घाबरू लागलं, कपडे बदलू देईना, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं, शरीरावर खूण किंवा दुखणं दिसलं, तर वर लिहिलेल्या पायऱ्या-टिकल्या सगळं बाजूला ठेवा आणि पाठवणं थांबवा. उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नका (‘काकांनी हात लावला का?’). ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा, मुलाचे शब्द जसेच्या तसे तारीख-वेळेसह लिहा, डॉक्टर आणि पोलीस. चाइल्डलाइन १०९८ चोवीस तास आहे. अशी माहिती कळल्यावर पोलिसांना कळवणं पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने, २०१२ पासून, शाळेवरही बंधनकारक आहे. ‘आपण आतल्या आत बघू’ हे ऐकून घ्यायचं नाही.

मारणं किंवा अपमान करणं शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद आहे. लक्षात घ्या, शेजारच्या मुलाला ओरडलेलं पाहूनही आपलं मूल घाबरतं. तक्रार लेखी, मुख्याध्यापकांच्या नावे, पोच घेऊन.

ताकभात

जरा अवांतर, पण इथेच शोभेल. मुलं बालवाडीत येत नाहीत हा प्रश्न बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना बोर्डी-कोसबाडला पडला होता. वस्त्यांवरची मुलं यायची नाहीत. तेव्हा त्यांनी मुलांना ओढून आणायचं सोडून बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. आता आपण तीन वर्षांच्या मुलाला पाऊण तास व्हॅनने ‘चांगल्या’ शाळेत पाठवतो. पायी दहा मिनिटांवरची साधी शाळा या वयात निम्मे प्रश्न सोडवते, असं माझं मत.

चिंचगोळी

हे मात्र पटलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न होतात, त्याला काही?

मधली_सुट्टी

होतातच, गणपतीनंतर आणि तापातून उठल्यावरसुद्धा. सुट्टी संपायच्या ४ दिवस आधी झोप-उठायच्या वेळा शाळेच्या करा, आदल्या दिवशी शाळेवरून एक चक्कर मारा, वर्गातल्या एखाद्या मुलाला घरी खेळायला बोलवा. पहिल्या दिवशी निरोपाचे तेच शब्द, तीच मूठ. सहसा २-४ दिवसांत गाडी रुळावर येते. एक दिवस जास्तीची दांडी मारू नका, ती तीन दिवसांनी महाग पडते.

जास्वंद७

खूप उपयोगी. आज रात्रीपासून वही सुरू करते. अजून काही बारीकसारीक?

पाटीपेन्सिल

पावसाळा आहे म्हणून: ओले मोजे. गेटपर्यंत भिजलेले मोजे साडेबारापर्यंत पायात राहतात आणि मुलाला नुसतं ‘शाळेत पाय कसेतरी होतात’ एवढंच सांगता येतं. दप्तरात मोज्यांचा जास्तीचा जोड आणि एक प्लास्टिकची पिशवी, आणि मोजे कसे बदलायचे ते घरी तीनदा करून घ्या. रेनकोट बटणांचा असेल तर चिकटपट्टीचा घ्या. नवे बूट घरात रोज तासभर घालून चार-पाच दिवसांत मऊ करा, कॉलरमागची टोचणारी पट्टी कापा.

डबा: दहा मिनिटांत संपेल एवढाच. पोळीचा रोल चार तुकडे करून, भाजी आतच. आणि झाकण मुलाला स्वतः उघडता येतं का ते रिकाम्या डब्यावर न बघता भरलेल्या, गरम भरून गार झालेल्या डब्यावर बघा. आत वाफ गार होते, झाकण ओढलं जातं, आणि घरी सहज उघडणारा डबा शाळेत हलत नाही. भाजी पूर्ण गार करून मग झाकण लावा.